आखडलेली कंबर, साचलेले पोट : एका जुन्या संशयाचा इतिहास

कंबर धरली की घरातील वडीलधारी माणसे पहिला प्रश्न पोटाचा विचारतात. पोट साफ होते का, रात्री काय खाल्ले, एरंडेल घेऊन पाहिले का? वैद्यकाचा आजचा विद्यार्थी या प्रश्नांकडे बहुधा हसून पाहतो. परंतु जुनाट बद्धकोष्ठता आणि कमरेखालच्या सांध्यांचे दुखणे यांत काही नाते आहे का, हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत निष्णात शल्यचिकित्सकांनी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आणि लष्करी डॉक्टरांनीही गांभीर्याने हाताळला आहे. त्याच्या चुकीच्या उत्तरापायी काही माणसांची मोठी आतडी कापून टाकली गेली. त्याच प्रश्नाच्या आसपास शोध घेत असताना पुढे कण्याच्या एका मोठ्या रोगाचे गूढही उकलू लागले. म्हणून हा इतिहास केवळ गमतीचा नाही.

प्रथम जागा पाहू. कण्याच्या तळाशी पाचरीच्या आकाराचे एक हाड असते, ते त्रिकास्थी. त्याच्या दोन्ही बाजूंना नितंबाची रुंद हाडे येऊन भिडतात आणि तेथे दोन सांधे तयार होतात. त्यांना सेक्रोइलियाक सांधे म्हणतात. धडाचा सारा भार या दोन सांध्यांतून पायांकडे जातो. गुडघ्यासारखी मोकळी हालचाल त्यांत नसते. स्वीडनमधील संशोधकांनी १९८९ साली हाडांत बारीक धातूचे मणी बसवून क्ष-किरणांनी ही हालचाल मोजली, तेव्हा ती सरासरी सुमारे अडीच अंश आणि एक मिलिमीटरहून कमी भरली. या त्रिकास्थीच्या अगदी समोर, तिच्या अंतर्गोल पोकळीला टेकून, मलाशय असते. मलविसर्जनावर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूही त्याच त्रिकास्थीच्या छिद्रांतून बाहेर पडतात. म्हणजे आतड्याचा शेवट आणि कण्याचा शेवट हे सख्खे शेजारी आहेत. प्रश्न असा की ते केवळ शेजारी आहेत की नातेवाईकही आहेत?

भारतीय वैद्यकाने त्यांना फार पूर्वीच एका घरात बसवले होते. चरकसंहितेत वाताची स्थाने सांगताना बस्ती, मलाशय, कंबर, मांड्या, पाय आणि अस्थी यांची नावे एका ओळीने येतात आणि त्यांत पक्वाशय, म्हणजे ढोबळमानाने मोठे आतडे, हे वाताचे विशेष स्थान मानलेले आहे. साधारण सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे जे वर्णन आहे ते अधिक नेमके आहे. न पचलेला आम आणि वात एकाच वेळी प्रकुपित होऊन त्रिकाच्या सांध्यात शिरतात आणि अंग ताठरते, असे तेथे म्हटले आहे. वाढलेल्या रोगाच्या लक्षणांत मळ अडकण्याचाही उल्लेख आहे. त्रिक हा शब्द काही ठिकाणी मान आणि खांदे यांच्या संधिस्थानासाठीही येतो, त्यामुळे या वर्णनाला आजच्या एखाद्या रोगाचे नाव चिकटवणे योग्य नव्हे. तरीही पोट बिघडणे, मळ अडकणे आणि अंग ताठरणे ही लक्षणे एकत्र येतात, हे निरीक्षण कोणीतरी काळजीपूर्वक नोंदवून ठेवले होते, एवढे खरे. निरीक्षण आणि त्याचे स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढची सारी कथा या फरकाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात या निरीक्षणाला नवे स्पष्टीकरण मिळाले. जंतूंचा शोध नुकताच लागला होता आणि आतड्यांत ते अगणित संख्येने असतात हे कळले होते. पॅरिसचे वैद्य शार्ल बुशार यांनी १८८७ साली ‘स्वविषबाधे’वरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. शरीर स्वतःच विषे निर्माण करते, ती वेळेवर बाहेर टाकली गेली नाहीत तर रक्तात शिरून रोग उत्पन्न करतात, असा त्यांचा सिद्धांत होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील इल्या मेचनिकोव्ह यांनी त्यात भर घातली. मोठे आतडे हे उत्क्रांतीने मागे ठेवलेले निरुपयोगी कोठार असून तेथे कुजणारे अन्न वार्धक्य लवकर आणते, असे ते मानीत आणि आंबवलेल्या दुधाची शिफारस करीत. मेचनिकोव्ह हे कोणी भोंदू नव्हते. रोगप्रतिकारक पेशींवरील कामासाठी त्यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसाने मोठ्या आतड्याला अपराधी ठरवल्यावर त्याला शिक्षा देणारा कोणी पुढे येणारच होता.

तो आला लंडनच्या गाय्ज रुग्णालयातून. सर विल्यम आर्बथनॉट लेन हे आपल्या काळातील अत्यंत कुशल शल्यचिकित्सक होते. मोडलेली हाडे धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून सांधण्याची पद्धत रूढ करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि जखमेला हात न लावता केवळ उपकरणांनी शस्त्रक्रिया करण्याची त्यांची शिस्तही प्रसिद्ध होती. याच लेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बद्धकोष्ठतेकडे यांत्रिक दृष्टीने पाहिले. माणूस दोन पायांवर उभा राहू लागल्यामुळे आतडी खाली ओघळतात, त्यांना ताण देणारे पट्टे तयार होतात, जागोजागी मुरड पडते आणि मळ तुंबतो, असे त्यांचे मत होते. लहान आतड्याच्या शेवटी पडणाऱ्या अशा मुरडीला तर त्यांचेच नाव मिळाले. तुंबलेल्या मोरीचा उपाय जसा पाइप बदलणे, तसा त्यांचा उपाय होता. आरंभी ते मोठे आतडे वगळून लहान आतडे थेट पुढे जोडत. नंतर मोठे आतडेच काढून टाकू लागले.

या शस्त्रक्रियेचे समर्थन करताना लेन जी यादी देत, तीत थकवा, डोकेदुखी, त्वचेचा काळसरपणा यांच्या जोडीला सांध्यांचे दुखणेही होते. सुजलेले, आखडलेले सांधे आतडे काढल्यावर सुधारले, असे दावे त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी केले. त्या काळात संधिवातावर परिणामकारक औषध नव्हते. दात, टॉन्सिल किंवा आतडे यांत लपलेला जंतुसंसर्ग सांध्यांना विष पुरवतो, ही कल्पना डॉक्टरांनाही पटत होती. बिछान्याला खिळलेल्या रुग्णाला ‘दोष पोटात आहे आणि तो कापून काढता येतो’ असे कोणी सांगितले, तर त्याने नकार देणे कठीण होते. काही रुग्ण शस्त्रक्रियेनेच दगावले. जे वाचले त्यांतील अनेकांना आयुष्यभर जुलाब, पोटातील चिकटणे आणि वेदना यांना तोंड द्यावे लागले. लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये १९१३ साली अन्नमार्गातील विषबाधेवर दीर्घ चर्चा झाली, तेव्हा लेन यांच्यावर कडाडून टीका झाली. बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ सालच्या ‘द डॉक्टर्स डायलेमा’ या नाटकातील एक शल्यचिकित्सक प्रत्येक रोगाचे मूळ एका काल्पनिक पिशवीत शोधतो आणि ती कापून टाकतो; त्या पात्रात अनेकांना लेन यांची छाया दिसते.

लेन यांचा सिद्धांत कोसळला तो उपहासाने नव्हे, प्रयोगाने. अमेरिकेतील वॉल्टर आल्वारेझ यांनी १९१९ साली एक साधा आक्षेप मांडला. मलावरोध झालेल्या माणसाचे डोके जड होते, अंग मोडून येते, हे मान्य. पण शौचास होताच त्याला काही मिनिटांत बरे वाटते. रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या लवकर कसे उतरले असते? दारूची नशा बाटली रिकामी केल्याने उतरत नाही. म्हणजे लक्षणांचे कारण रासायनिक नसून यांत्रिक असले पाहिजे. ताणलेल्या मलाशयातून मज्जातंतूंकडे जाणारे संदेश हेच ते कारण. आर्थर डोनाल्डसन यांनी १९२२ साली याची परीक्षा घेतली. निरोगी माणसांनी काही दिवस शौचास जाण्याचे टाळले आणि त्यांना ती सारी ओळखीची लक्षणे जाणवली. त्यानंतर त्यांच्या मलाशयात केवळ कापूस भरण्यात आला. कापसात विष नव्हते, तरीही तीच लक्षणे उद्भवली आणि कापूस काढताच नाहीशी झाली.

या प्रयोगाचे मोल मोठे आहे. त्याने एका दगडात दोन गोष्टी केल्या. साचलेल्या मळाच्या विषाची कथा त्याने मोडीत काढली. त्याच वेळी भरलेले मलाशय दूरवर अस्वस्थता निर्माण करू शकते, ही वस्तुस्थिती मात्र त्याने जपली. पुढे बहुतेकांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरली.

याच काळात सांध्याच्या बाजूनेही एक लाट येऊन गेली. बॉस्टनचे गोल्डथ्वेट आणि ऑसगुड यांनी १९०५ साली सेक्रोइलियाक सांधे हलतात, सैलावतात आणि कंबरदुखीस कारण होतात, असे सविस्तर मांडले. त्यानंतर सुमारे तीन दशके कंबरदुखीचे पहिले निदान याच सांध्याकडे जाई. तो जखडून टाकण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. मग १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतू दाबली जाते हे दाखवले आणि सर्वांचे लक्ष तिकडे वळले. बद्धकोष्ठता आणि सेक्रोइलियाक सांधा, दोघेही साधारण एकाच काळात वैद्यकाच्या केंद्रस्थानी होते आणि थोड्याच अंतराने दोघेही बाहेर फेकले गेले. दोघांवरही आधी नको तेवढा आरोप झाला, आणि नंतर गरजेपेक्षा अधिक दुर्लक्ष.

या कथेचा एक धागा भारतातून जातो. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टर आहारातील उणिवांचा अभ्यास करीत होते. १९१८ साली तेथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झालेल्या त्यांच्या छोट्या खोलीतूनच पुढे हैदराबादची आजची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. मॅककॅरिसन यांनी माकडांना सत्त्वहीन अन्न देऊन त्यांची आतडी तपासली, तेव्हा आतड्यांची भिंत पातळ, सुजलेली आणि दुबळी झालेली आढळली. लेन आणि त्यांच्या मित्रांनी हा पुरावा आपल्या बाजूने वापरला. परंतु त्यातून निघणारा अर्थ वेगळा होता. लेन यांची नजर आतड्यात काय साचले आहे याकडे होती. कुन्नूरच्या प्रयोगांनी आतड्याची भिंत कशी आहे याकडे बोट दाखवले. पुढील अर्धशतकात हाच बदल निर्णायक ठरला, मात्र तो आला रणभूमीवरून.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मन डॉक्टर हान्स रायटर यांनी बाल्कन आघाडीवरील एका अधिकाऱ्याची हकिकत नोंदवली. त्याला आधी रक्ती आव झाली आणि काही दिवसांनी मूत्रमार्गाचा दाह, डोळे येणे आणि सांधे सुजणे असा त्रास सुरू झाला. त्याच वर्षी फ्रान्सच्या बाजूने फिएसाँझे आणि लरुआ यांनीही असेच रुग्ण वर्णिले. रायटर यांनी कारण चुकीचे सांगितले. पुढे नाझी राजवटीतील त्यांच्या कृत्यांमुळे त्यांचे नावही या रोगावरून काढले गेले आणि ‘प्रतिक्रियात्मक संधिदाह’ हे नाव रूढ झाले. पण निरीक्षण पक्के होते. आतड्याचा संसर्ग बरा होतो आणि त्यानंतर सांधे सुजतात.

दुसऱ्या महायुद्धात त्याला आकडे मिळाले. १९४४ साली फिनलंडच्या सैन्यात आमांशाची मोठी साथ आली. पारोनेन यांनी १९४८ साली तिचा हिशेब मांडला. सुमारे दीड लाख लोकांना आमांश झाला होता आणि त्यांतील ३४४ जणांना हा संधिदाह झाल्याचे आढळले. हे प्रमाण हजारात दोनाहून थोडे अधिक भरते. विद्यार्थ्यांनी या आकड्यापाशी थोडे थांबावे. आतड्यातील जंतू हेच एकमेव कारण असते तर दीड लाखांपैकी एवढ्या थोड्यांनाच रोग का झाला? आणि जंतूंचा काही संबंधच नसता, तर आमांशानंतर लगेच हे रुग्ण का दिसले? जंतू आवश्यक असला तरी पुरेसा नव्हता. रुग्णाच्या शरीरातच दुसरी काहीतरी अट दडलेली होती.

ती अट १९७३ साली सापडली. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या रोगात सेक्रोइलियाक सांध्यांपासून दाह सुरू होतो आणि तो वर चढत कण्याचे मणके एकमेकांना जोडून टाकू शकतो. लंडनच्या ब्रूअर्टन यांच्या गटाने अशा ७५ रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांतील ७२ जणांत एचएलए-बी२७ नावाचा पेशीवरील खुणेचा प्रकार आढळला. निरोगी ७५ जणांत तो केवळ तिघांत होता. लॉस एंजेलिस येथील गटालाही त्याच वर्षी असेच दिसले. पुढे अमेरिकी नौदलाच्या एका जहाजावरील आमांशाच्या जुन्या साथीचा पाठपुरावा झाला. त्या साथीत ६०२ जणांना आमांश झाला होता आणि ९ जणांना संधिदाह. त्या नऊपैकी जे पाच जण नंतर सापडले, त्यांतील चौघांत बी२७ होते. आतडे, जंतू, अनुवंश आणि कमरेचा सांधा प्रथमच एका रेषेत आले.

तरीही आतड्याचे काम नेमके काय, हे स्पष्ट नव्हते. बेल्जियममधील गेंट येथे मीलांट्स आणि फेइस यांनी १९८०च्या दशकात कण्याच्या दाहाचे असे रुग्ण निवडले ज्यांची पोटाची फारशी तक्रार नव्हती, आणि दुर्बिणीने त्यांची आतडी पाहिली. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या आतड्याच्या भिंतीत सूक्ष्म दाह आढळला. मग १९९० साली अमेरिकेत मानवी बी२७ जनुक असलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांना आपोआप आतड्याचा आणि सांध्यांचा दाह होऊ लागला. १९९४ साली असेच उंदीर पूर्णतः जंतुरहित पेट्यांत वाढवण्यात आले, आणि त्यांना ना आतड्याचा दाह झाला ना सांध्यांचा. एकच जनुक, एकाच जातीचे उंदीर; फरक फक्त आतड्यांतील जंतूंचा. मेचनिकोव्ह आणि लेन यांना ज्या नात्याचा वास आला होता ते नाते खोटे नव्हते, हे त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी असे सिद्ध झाले.

परंतु ते नाते त्यांनी सांगितलेले नव्हते. यात मळ साचण्याचा काही भाग नाही. येथे प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या भिंतीपाशी जंतूंना सामोरी जाते, तेथे चेतवल्या गेलेल्या पेशी आणि इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ यांसारखे रासायनिक निरोप दूरच्या सांध्यांत दाह पेटवतात. जुलाबाचे औषध घेऊन ही साखळी तुटत नाही. मोठे आतडे काढून टाकणे तर दूरच राहिले. शिवाय आतडे आणि सांधा यांची भाषा एकसारखी नाही. इंटरल्युकिन-१७ रोखणारे सेक्युकिनुमॅब हे औषध कण्याच्या दाहावर गुणकारी ठरले. तेच औषध क्रोन्स या आतड्याच्या रोगात वापरून पाहिले, तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते निरुपयोगी ठरले आणि उपद्रवच वाढले.

भारतातही या नात्याची परीक्षा झाली आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत, स्नायुबंधांच्या मुळाशी दाह होणाऱ्या बालसंधिवाताच्या ४६ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या वेदनाशामक औषधांबरोबर काहींना उपकारक जंतूंचे मिश्रण देण्यात आले, काहींना त्यासारखे दिसणारे निष्क्रिय औषध. १२ आठवड्यांनंतर दोन गटांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. आतड्यांतील जंतू रोगात सहभागी आहेत यावरून एवढेच सिद्ध होते की ते सहभागी आहेत. बाहेरून जंतू गिळले की सांधा बरा होईल, हे त्यातून निघत नाही. बाजारात ‘आतडे सुधारा, सांधे सुधारतील’ अशा जाहिरातींची रेलचेल असताना ही शांत, नकारात्मक फळ देणारी चाचणी अधिक लोकांना ठाऊक असायला हवी.

मग मूळ प्रश्नाचे काय? बद्धकोष्ठता आणि त्रिकाचा सांधा यांचा थेट संबंध काहीच नाही का? येथे डोनाल्डसन यांच्या कापसाचा विसरलेला अर्धा भाग पुन्हा पुढे येतो. श्रोणीच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. तिचे काही धागे त्रिकास्थी आणि माकडहाडाला जोडलेले असतात, काही मलाशयाला वेढा घालतात. शौचाच्या वेळी ही झोळी सैल पडली पाहिजे. लंडनमधील प्रेस्टन आणि लेनार्ड-जोन्स यांनी १९८५ साली दाखवले की जुनाट बद्धकोष्ठतेच्या काही रुग्णांत ती सैल पडण्याऐवजी उलट आवळली जाते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००४ साली मृतदेहांच्या श्रोणीवर या स्नायूंचा ताण कृत्रिमरीत्या निर्माण केला. त्रिकास्थी मागे किंचित फिरली, आणि स्त्रियांच्या श्रोणीत सेक्रोइलियाक सांध्यांची ताठरता ८.५ टक्क्यांनी वाढली. पुरुषांत मात्र ताठरतेत लक्षणीय बदल दिसला नाही. म्हणजे जे स्नायू मळ धरून ठेवतात तेच स्नायू या सांध्यालाही धरून ठेवतात. वर्षानुवर्षे कुंथणाऱ्या, आवळलेल्या श्रोणितळामुळे त्या परिसरात वेदना होणे यांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ऑस्ट्रेलियातील स्त्रियांच्या मोठ्या दीर्घकालीन पाहणीतही पोटाच्या तक्रारी आणि कंबरदुखी एकत्र आढळल्या.

शक्य असणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर बाण कोणत्या दिशेचा, हे विचारावे लागते. कमरेचा सांधा दुखत असेल तर माणूस हालचाल कमी करतो, आणि आतड्याची गती मंदावते. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर उकिडवे बसणे त्याला जमत नाही, म्हणून तो वेग टाळतो. वेदनेसाठी ट्रॅमाडॉलसारखे औषध मिळाले तर ते स्वतःच मलावरोध करते. अशा रुग्णात बद्धकोष्ठता ही दुखण्याची आई नसून लेक असते. कधी दोघांचे कारण तिसरेच असते, उदाहरणार्थ बाळंतपणात श्रोणितळाला झालेली इजा.

त्यात मोजमापाचीही अडचण आहे. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे ही बद्धकोष्ठतेची पाश्चात्त्य कसोटी आहे. दिल्लीतील टंडन आणि टंडन यांनी १९७५ साली उत्तर भारतीयांच्या मळाचे रोजचे वजन मोजले, तेव्हा ते सरासरी ३०० ग्रॅमच्या वर भरले. ब्रिटनसारख्या देशांतील आकडे याच्या निम्म्याहूनही कमी होते. तंतुमय आहार घेणाऱ्या, रोज एकदा तरी शौचास जाणाऱ्या समाजात ‘माझे पोट साफ होत नाही’ ही तक्रार त्या कसोटीत बसत नाही, तरीही ती खरी असू शकते. म्हणून परदेशी पाहणीचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे उतरवता येत नाहीत.

या सगळ्याचा परिणाम ग्रंथालयापुरता राहत नाही. विशी-तिशीतील एखादा तरुण पहाटे कंबर दुखून जागा होतो. उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी असते. हिंडल्या-फिरल्यावर बरे वाटते आणि पडून राहिल्यावर त्रास वाढतो. हे तीन महिन्यांहून अधिक चालू असेल तर ती गॅस किंवा बद्धकोष्ठता समजून चूर्णे घेत राहणे महागात पडते. दाहाचे कण्यावरील परिणाम हळूहळू घडतात आणि जुळलेले मणके पुन्हा सुटे होत नाहीत. संधिवाततज्ज्ञाची तपासणी, सेक्रोइलियाक सांध्यांचे चित्रण आणि गरजेनुसार बी२७ची चाचणी, हा तेथे योग्य मार्ग आहे. केवळ बी२७ आढळले म्हणून रोग ठरत नाही, हेही तितकेच खरे. उलट बाजूने, कंबरदुखीबरोबर अचानक मलमूत्रावरील ताबा जाणे किंवा लघवी अडणे, बसण्याच्या जागी बधिरता येणे, पाय लुळे पडणे ही लक्षणे दिसली, तर तेथे एरंडेलाचा विचार करण्याइतकाही वेळ नसतो. मज्जातंतूंवर तीव्र दाब आल्याची ती खूण असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. आणि ज्याला जुनाट बद्धकोष्ठता खरोखर आहे, त्याच्या श्रोणितळाची तपासणी करून त्या स्नायूंना सैल होण्याचे शिक्षण देणे हा उपायही आज उपलब्ध आहे. त्याला हसून परत पाठवणे ही लेन यांच्या चुकीची उलटी बाजू ठरेल.

माधवकरांपासून मेचनिकोव्हपर्यंत अनेकांना आतडे आणि कमरेचा सांधा यांच्यात काहीतरी चालले आहे असे दिसले. दिसणे खरे होते. घाई झाली ती कारण ठरवण्यात. त्या घाईची किंमत लेन यांनी चुकवली नाही. ती त्यांच्या रुग्णांनी चुकवली. वडीलधाऱ्यांच्या प्रश्नात म्हणूनच काही वावगे नाही. कंबर धरलेल्या माणसाला पोटाविषयी जरूर विचारावे. फक्त उत्तर ऐकण्याआधीच एरंडेलाची बाटली, किंवा शस्त्र, हातात घेऊ नये.